लॉक दिसतंय, पण दोन पिरियडवर बसलंय

भाऊ, तुम्ही म्हणायलाव की १०० मेगाहर्ट्झला (म्हणजे १० नॅनोसेकंदाच्या पिरियडला) डीएलएल (डिले-लॉक्ड लूप, क्लॉकला बरोब्बर एक पिरियड उशीर देणारं सर्किट) लॉक होतंय पण मधले फेज चुकायलेत, तर हे हार्मोनिक लॉकच वाटतंय, म्हणजे एकाऐवजी दोन पिरियडवर जुळलेलं खोटं लॉक. फेज डिटेक्टरला (दोन सिग्नलची वेळ ताडून बघणाऱ्या भागाला) दोन एज जुळल्या का तेवढंच कळतं, सिग्नल डिले लाईनमधून (उशीर देणाऱ्या स्टेजच्या साखळीतून) १० नॅनोसेकंदात आला का २० मध्ये हे त्याला कुठून कळणार. तुमची लाईन आठ स्टेजची आहे ना, मग चौथा टॅप (चौथ्या स्टेजचं आउटपुट) बघा, खऱ्या लॉकमध्ये तो इनपुटच्या बरोब्बर उलटा पाहिजे, इनपुटसोबतच वर जात असेल तर लाईन दोन पिरियड खायलीय.

वर एकानं चार्ज पंपचा (कंट्रोल व्होल्टेज वर-खाली करणाऱ्या भागाचा) करंट कमी करा म्हणलंय, त्यानं रिपल (त्या व्होल्टेजची थरथर) कमी होईल, खोटं लॉक सुटणार नाही. रिसेटला डिले ठरवणारं कंट्रोल व्होल्टेज असं बांधा की डिले सगळ्यात कमी असेल, पण ५ नॅनोसेकंदाच्या खाली नको, नाहीतर लूप त्याला शून्याकडं ओढत तिथंच अडकतो. जास्तीत जास्त डिले १५ नॅनोसेकंदाच्या आत. आणि हे फास्ट, स्लो दोन्ही कॉर्नरला (चिप सगळ्यात जलद आणि सगळ्यात संथ चालते त्या टोकांना) तपासा, आमच्या परभणीत मे महिन्यात नुसती हवाच चाळिशीच्या वर जाते, चिप त्याहून तापणार. स्लो कॉर्नरला १५ च्या आत बसतच नसेल तर टॅपवर नजर ठेवून डिले जबरदस्तीनं कमी करणारं वेगळं लॉजिक टाकाच.