मदत हवी आहे: फ्रीबीएसडी – नवी डिस्क एकटीने बूट होत नाही

नमस्कार मंडळी. घरच्या सर्व्हरवर फ्रीबीएसडी (युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम) आहे आणि दोन डिस्कचा झेडएफएस मिरर, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा ठेवणारा पूल आहे. एक डिस्क गेली, म्हणून नवी टाकली. रिसिल्व्हर (नव्या डिस्कवर डेटा उतरवणं) नीट झालं, झेडपूल स्टेटस कमांडमध्ये सगळं ऑनलाइन. पण उरलेली जुनी डिस्क काढून मशीन चालू केलं की काळ्या स्क्रीनवर कर्सर नुसता लुकलुकत बसतो. मशीन फक्त बायोसवालं, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट होणारं. नव्या डिस्कवर जीपीटी (पार्टिशनचा तक्ता) आहे, 512 केबीचं फ्रीबीएसडी-बूट पार्टिशनही आहे, पण ते रिकामं. मिरर डेटा उतरवतो, बूटकोड (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) नाही. म्हणजे जीपार्ट बूटकोड कमांडने पीएमबीआर (डिस्कच्या सुरुवातीचा बूटकोड) आणि जीपीटीझेडएफएसबूट (बूट पार्टिशनमधला, झेडएफएस वाचणारा बूटकोड) लिहायचं, बरोबर ना? पूल चालू असताना लिहिलं तर चालेल का? मध्यंतरी पूल अपग्रेड केलाय (झेडएफएसची नवी फीचर्स चालू केली), तर जुन्या डिस्कवरचा बूटकोडही आत्ताच नवा करावा का? वडिलांच्या जमिनीचे सगळे स्कॅन यावर आहेत, म्हणून कमांड देण्याआधी खात्री हवी. कुणी हे स्वतः केलं असेल तर कृपया सांगा.