सोसायटीचा रस्ता: तीन कोटेशनं आली आहेत

७ नंबर (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत डांबरी रस्ता करायची तीन कोटेशनं आली आहेत, फोटो वर टाकलेत. पहिलं सगळ्यांत स्वस्त आहे. दोन दिवसांत काम संपवून देतो म्हणतात, म्हणजे दिवाळीच्या आत होईल. कमिटीचा कल तिकडेच आहे. कुणाला काही सांगायचं असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा, रविवारच्या मीटिंगमध्ये पक्कं करू.

३ नंबर: करून टाका दादा. नवरात्रात चौकात गरबा खेळताना माझ्या मुलीच्या पायात खडी घुसली. अनवाणी कोणी खेळू शकत नाही आपल्याकडे.

९ नंबर: पहिल्याला माझी संमती. पाहुणे यायच्या आत झालं पाहिजे.

४ नंबर (काकू): रस्त्याला माझी ना नाही. पण मागच्या वेळी डांबर टाकलं तेव्हा रस्ता चार बोटं वर आला, आणि तेव्हापासून जोराचा पाऊस झाला की पाणी माझ्या ओट्यावर येतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला ती गोष्ट वेगळी, तेव्हा बडोद्यात ठिकठिकाणी पाणी शिरलं होतं. मी साध्या पावसाचं बोलतेय. आता त्यावर आणखी एक थर टाकलात तर पाणी ओटा सोडून थेट बैठकीत येईल.

७ नंबर (सेक्रेटरी): काकू, त्यांना उतार द्यायला सांगू.

१२ नंबर (काका): सेक्रेटरीसाहेब, तिन्ही कोटेशनं वाचली. तीस वर्षं आर अँड बी मध्ये, म्हणजे सरकारच्या रस्ते-इमारत खात्यात, रस्त्याचीच कामं केली, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कृपा करून वाचा.

पहिल्या कोटेशनमध्ये "जुन्या रस्त्यावर २५ एमएम डांबर" एवढंच आहे. हे २५ एमएम रोलर फिरवायच्या आधीचे की नंतरचे, हे लिहिलेलं नाही. गरम माल पसरला की तो सैल असतो आणि रोलरखाली साधारण पाचवा हिस्सा दबतो. पंचवीसचे वीस राहतील. आपल्याकडे कचऱ्याची गाडी येते, पाण्याचा टँकर येतो. वीस एमएमचा पापुद्रा त्यांच्या चाकाखाली टिकणार नाही. तिसऱ्याने "दाबल्यानंतर ४० एमएम" असं स्पष्ट लिहिलंय. भाव जास्त आहे तो त्यामुळे.

१२ नंबर (काका): आणि काकू म्हणतात ते अगदी बरोबर आहे. जुन्यावर नवा थर टाकत गेलं की रस्ता वर येत जातो, घरं आहेत तिथेच राहतात. उतार कुठल्या बाजूला देणार? दोन्हीकडे घरंच आहेत. जुना थर उखडून काढायचा, खालची खडी पाणी मारून पुन्हा दाबायची, तिच्यावर प्राइम कोट, म्हणजे पातळ डांबराचा फवारा, मारायचा आणि मग गरम माल. वरची पातळी आधी ठरवायची, सगळ्यांत खालच्या ओट्यावरून. गटारीच्या चेंबरची झाकणंही त्याच पातळीला आणायची.

९ नंबर: काका, एवढं उखडायचं म्हटलं तर खर्च खूप वाढेल. वरून थर टाकूनही लोकांचे रस्ते चालतातच की.

१२ नंबर (काका): वाढेल, खरं आहे. पण आपल्या रस्त्यावर खड्डे कुठे पडलेत ते पाहा. १५ नंबरसमोर, जिथे पाणी साचतं तिथेच. डांबराला पाणी मारतं. भेगेतून ते खाली उतरतं, खाली आपली काळी माती, ती भिजली की फुगते आणि वाळली की बसते. वर कितीही चांगला थर टाका, खालचा पाया हलला की तो फुटणारच. मागच्या वेळी हेच झालं. तेव्हाही मी मीटिंगमध्ये बोललो होतो, पण जोर धरला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

१५ नंबर (ताई): काका, आमच्यासमोर पाणी साचतं कारण तिथला चेंबरच गळतो. आणि गॅसची लाइन अजून दोन घरांना यायची आहे. नवा रस्ता करून महिन्याभरात तोच खोदायचा का?

७ नंबर (सेक्रेटरी): हे माझ्या लक्षात नव्हतं, ताई.

३ नंबर: मग पेव्हर ब्लॉकच टाका ना सगळीकडे. उचलता येतात, परत बसवता येतात.

१२ नंबर (काका): ब्लॉकलाही पाया तेवढाच लागतो, नाहीतर टँकर उभा राहतो तिथे ते खचतात. पण तुमच्या म्हणण्यात दम आहे. गटार, पाणी, गॅस, सगळ्या लाइन डाव्या बाजूने जातात. तेवढी एक मीटरची पट्टी ब्लॉकची करू आणि बाकी डांबर. पुढे कुणाला लाइन घ्यायची झाली तर रस्त्याला हात लागणार नाही. दोन्ही कडांना सिमेंटचा कर्ब घ्यायचा. मोकळी कड चाकाखाली तुटत जाते.

९ नंबर: पण तो ४० टाकतोय की ३० हे आपल्याला कळणार कसं? उभं राहून पाहिलं तरी सगळं काळंच दिसणार.

१२ नंबर (काका): वजनावरून. रस्ता १२० मीटर लांब, साडेचार मीटर रुंद, म्हणजे ५४० चौरस मीटर. त्याला ४० एमएम म्हणजे २१.६ घनमीटर. दाबलेल्या मालाचं वजन घनमीटरला साधारण २.३५ टन धरा, ५० टनांच्या वर जातं. डंपर आला की काट्याची पावती आपण घ्यायची. एकूण ३० टनच उतरले तर समजायचं की जाडी चोवीसच्याही आत आहे. खोदून बघायची गरज नाही.

७ नंबर (सेक्रेटरी): ब्लॉकची पट्टी सोडली तर साडेतीन मीटरच उरतात. ४२० चौरस मीटर. म्हणजे ४० टनांच्या आसपास?

१२ नंबर (काका): बरोबर, साडेएकोणचाळीस. कोटेशनमध्ये हे टन लिहूनच घ्या.

दुसरी गोष्ट मालाच्या गरमपणाची. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा माल पसरताना १४० अंश तरी हवा आणि ९० च्या खाली जायच्या आत रोलर पूर्ण फिरून झाला पाहिजे. डंपरवर ताडपत्री बांधलेली हवी. थर्मामीटर मी घेऊन उभा राहीन. थंड झालेला माल परत पाठवायचा, तिथे भिडस्तपणा नको.

१५ नंबर (ताई): परवा गेटवर एक माणूस येऊन गेला. बाजूच्या साइटवरचा गरम माल उरलाय, आज संध्याकाळीच अर्ध्या भावात टाकून देतो म्हणाला. वॉचमनने नंबर घेऊन ठेवलाय.

१२ नंबर (काका): त्याला अजिबात फोन करू नका. उरलेला माल तोपर्यंत गार झालेला असतो, खाली झाडलोटही न करता पसरतात आणि नंतर माणूस सापडत नाही.

४ नंबर (काकू): पैसे कसे द्यायचे? मागच्या वेळी सगळे आधीच देऊन बसलो होतो.

७ नंबर (सेक्रेटरी): काकू, या वेळी जीएसटीचं बिल आणि दहा टक्के आपल्याकडे ठेवायचे, एक पावसाळा काढल्यावर द्यायचे. मी तिसऱ्याला आत्ताच विचारलं, तो तयार आहे. पहिला म्हणाला, पूर्ण पैसे काम संपलं की लगेच.

९ नंबर: तो पावसाळ्यापर्यंत थांबायला तयार नाही, मग माझी संमती मागे घेतो. पण दिवाळीच्या आत होणार नाही ना आता?

१२ नंबर (काका): नाही होणार. आधी १५ नंबरचा चेंबर, मग दोन घरांची गॅसलाइन, मग रस्ता. थंडीत मोकळ्या हवामानात निवांत करू. दिवाळीपुरते खड्डे खडीने भरून रोलर फिरवून घेऊ.

३ नंबर: चालेल. पण चौकातली सुटी खडी उद्याच झाडून घेऊ, मी येतो.

७ नंबर (सेक्रेटरी): तिन्ही कॉन्ट्रॅक्टरना टन, दाबल्यानंतरची जाडी, उखडाई, कर्ब आणि ब्लॉकची पट्टी घालून नवीन कोटेशन द्यायला सांगतो. रविवारी तीच मांडू. काका, पातळीचं कसं करायचं?

१२ नंबर (काका): उद्या सकाळी सात वाजता पाण्याची नळी घेऊन येतो. प्रत्येक ओट्याची उंची भिंतीवर खडूने मारून ठेवू. ४ नंबरपासून सुरुवात करू.

४ नंबर (काकू): या. ओट्यावरच्या कुंड्या आज रात्रीच बाजूला करून ठेवते.