अनुभव धागा : शेजारच्या मंडळीबरोबर काय जमलं, कुठं अडलं?

सर्वांना प्रभूत सलाम.

दर वर्षी १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना-सप्ताह असतो. नागपूर-अमरावतीत त्याच्या सभा होतात, पण तालुक्याच्या गावाच्या पुढं तो क्वचितच पोचतो. ऐक्याची खरी गरज मात्र खेड्यातच जास्त आहे. गावात ख्रिस्ती घरं मोजकी, आणि त्यांत मंडळ्या, म्हणजे वेगवेगळी चर्चेस, तीन-तीन.

हे असं का, ते नव्या पोरांना सांगावं लागतं. मिशनांच्या काळात त्यांनी आपसात प्रदेश वाटून घेतले होते. एकाच्या भागात दुसऱ्यानं काम उघडायचं नाही, असा समझोता होता. नागपूर-भंडाऱ्याकडं स्कॉटिश मिशन, चांद्याला (चंद्रपूरला) तेही स्कॉटलंडचंच, पण एपिस्कोपल, अकोला-खामगावकडं अलायन्स, यवतमाळकडं फ्री मेथॉडिस्ट, बुलढाणा-वाशीमकडं नाझरीन, मेळघाटात कोरकू मिशन आणि पुढं तिथं कन्झर्व्हेटिव्ह बॅप्टिस्ट. म्हणजे जिल्हा बदलला की मंडळी बदलायची. मग शिक्षक आणि नर्सबाईंच्या बदल्या झाल्या, मुली दुसऱ्या जिल्ह्यात दिल्या गेल्या, अन् एकाच गल्लीत सगळे शेजारी झाले. त्यात अलीकडं घराघरांतल्या स्वतंत्र सहभागिता, म्हणजे घरगुती मंडळ्या, आल्या. ज्या सीमा आपण आखल्याच नाहीत, त्या आपण जिवापाड जपतो, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून हा धागा. उपदेश नको, घडलेलं लिहा. मंडळ्यांची आणि माणसांची नावं टाळा.

निवृत्त पाळक, यवतमाळ जिल्हा

यवतमाळची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्याला गेली. मी त्याच्या आधीचा विद्यार्थी. आमच्या खोलीत तीन मंडळ्यांची पोरं होती. जेवताना बाप्तिस्म्यावरून कडाक्याचे वाद व्हायचे आणि रात्री त्याच पोराकडून ग्रीकची वही मागून आणायची. पुढं नेमणूक होऊन खेड्यावर आलो, तर शेजारच्या मंडळीचा पाळक माझाच वर्गमित्र निघाला! आम्हा दोघांना आनंद झाला, पण दोन्हीकडच्या वडीलमंडळींना, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळींना, एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं.

सुरुवात आम्ही उत्तम शुक्रवारपासून (गुड फ्रायडेपासून) केली. वधस्तंभावरचे सात उद्गार, दुपारी बारा ते तीन, एप्रिलचं ऊन, वर टिनाचं छप्पर. लहान मंडळीत एकट्या पाळकानं सात संदेश द्यायचे म्हणजे बोलणारा थकतो अन् ऐकणारेही थकतात. आम्ही उद्गार वाटून घेतले. दोन माझे, दोन त्याचे, एक मंडळीतल्या शिक्षिकेचा, एक अलायन्सच्या वडिलांचा. पाचवा, ‘मला तहान लागली आहे’, आम्ही मुद्दाम त्या काकांना दिला जे एकत्र उपासनेच्या सर्वांत विरोधात होते. कास्तकार माणूस. भाषण येत नव्हतं त्यांना. आटलेल्या विहिरीबद्दल बोलले, उन्हाळ्यात बैलांना पाणी पाजायला कुठवर न्यावं लागतं त्याबद्दल बोलले, आणि मग म्हणाले, ‘अन् हा तर पाण्याचा निर्माता.’ एवढंच. एवढ्या वर्षांत मी उत्तम शुक्रवारी पुष्कळ संदेश ऐकले, त्यापेक्षा खोल ऐकला नाही.

त्यानंतर आम्ही पाळकांनी दोन गोष्टी ठरवल्या आणि लिहून ठेवल्या. एकत्र सभेत बाप्तिस्म्याच्या पद्धतीवर कुणी बोलायचं नाही. आणि दुसऱ्या मंडळीचा सभासद आपल्याकडं आला तर बदलीचं पत्र आणल्याशिवाय त्याचं नाव वहीत घ्यायचं नाही. दुसरा नियम पाळणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं.

महिला मंडळाच्या सचिव, अंजनगाव सुर्जी परिसर

पाळकसाहेब, पुरुषांचं ऐक्य उत्तम शुक्रवारी झालं असेल, आमचं मार्चच्या पहिल्या शुक्रवारी झालं. जागतिक प्रार्थना दिन! दर वर्षी एका देशाच्या स्त्रिया त्याची उपासना लिहितात आणि जगभर तीच वाचली जाते. त्यामुळं ‘तुमची पद्धत की आमची’ हा प्रश्नच उठत नाही. कागद तिसऱ्याच देशाचा असतो.

आमच्याकडं ती फिरती ठेवली आहे, एक वर्ष एका चर्चमध्ये. पहिल्यांदा कॅथलिक सिस्टर आल्या तेव्हा आमच्यातल्या एक-दोघी मागच्या बाकावर सरकून बसल्या होत्या. सिस्टर सरळ स्वयंपाकाकडं गेल्या, पदर खोचला आणि आलू-वांग्याच्या भाजीला फोडणी द्यायला उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी त्या मागं सरकणाऱ्या बायकांनीच विचारलं, ‘सिस्टर येतील ना?’

एक सूचना करते. वेळ दुपारी दोनची ठेवा. संध्याकाळी ठेवली की वावरातून आलेल्या बाईला घरच्या चुलीचा धाक असतो, ती येत नाही.

कास्तकार, अकोला जिल्हा

आमच्या गावात जोडलं ते मातीनं. पावसाळ्यात काळ्या मातीत कबर खणणं ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. माती फावड्याला धरून बसते, झटकली तरी सुटत नाही. कमरेइतकं खाली गेलं की कडा ढासळतात, अन् तळातून पाणी वर येते. आमच्या मंडळीत एक म्हातारी आई वारली तेव्हा आठ दिवसांची झड लागलेली. आम्ही चारच माणसं खणणारे. पेटी घरात तयार, पाळक आलेले, अन् खड्डा काही टिकेना. तेव्हा दुसऱ्या मंडळीची पोट्टी बादल्या अन् सागाच्या फळ्या घेऊन आली. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. फळ्या कडांना लावल्या, वरून ताडपत्री धरली, दोघं आत उतरून पाणी उपसत राहिले. त्याच्या आधी आमची त्यांची बोलचाल नव्हती म्हटलं तरी चालेल.

पण खरा विषय जागेचा. गावात ख्रिस्ती दफनभूमी नोंदलेलीच नव्हती. ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीतल्या एका तुकड्यावर वाडवडलांपासून माती देत आलो, कागद काहीच नाही. तिथं अतिक्रमण होऊ लागलं तेव्हा तिन्ही मंडळ्यांनी आपापल्या लेटरहेडवर वेगवेगळा अर्ज केला. ग्रामपंचायतीत विचारलं, ‘तुमच्यात जागा कोणाच्या नावानं करायची ते आधी ठरवा.’ आता त्यात त्यांचं काय चुकलं? वर्षानुवर्षं अर्ज पडून राहिले.

त्या पावसाळ्यानंतर तिघांनी मिळून एकच अर्ज लिहिला, ‘गावातील समस्त ख्रिस्ती समाज’ म्हणून. सह्या घराघरांतून घेतल्या, बायांच्याही. ग्रामसभेला आम्ही सगळे गेलो, अन् बौद्ध वस्तीतले भाऊ आमच्या बाजूनं बोलले. ठराव झाला, प्रस्ताव तहसीलमार्फत वर गेला, मोजणी झाली, नोंद लागली. वेळ लागला, पण झालं.

मग आत रांगा कशा करायच्या त्यावर आमच्यातच अडलं. एका वडिलांचं म्हणणं, मंडळीनिहाय रांगा करा. दोन बैठका त्यातच गेल्या. शेवटी त्यांच्याच घरातल्या सुनेनं विचारलं, ‘मामाजी, माझं माहेर त्या मंडळीचं, सासर या मंडळीचं, मला कोणत्या रांगेत ठेवाल?’ आता जो आधी जाईल त्याची जागा आधी, एकच रांग.

धारणी तालुक्यातून

थोडक्यात लिहितो. आमच्याकडं अडचण शिकवणीची कमी, भाषेची जास्त. म्हातारे कोरकू, पोरं हिंदी, पाळक मराठी. नाताळच्या फेरीला दोन मंडळ्या एकत्र निघतो. ज्या घरी जाऊ त्या घरच्या भाषेतलं गाणं आधी. वाद मिटला. ढोलक एकच आहे, दोघांत मिळून घेतलेलं.

नवविवाहिता, वाशीम जिल्हा

मी स्वतंत्र सहभागितेतली, नवरा नाझरीन. आमच्या पास्टरांकडं लग्न लावायचा परवाना नव्हता. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणं लग्न लावणारा एकतर त्या कायद्यात बसणारा दीक्षित सेवक हवा, नाहीतर परवाना असलेला पाळक किंवा विवाह-निबंधक. घरगुती मंडळ्यांत पुष्कळांना हे माहीत नसतं. प्रार्थना होते, हार घातले जातात, जेवणं होतात, आणि पुढं पासपोर्ट किंवा पेन्शनची वेळ आली की दाखला कुठाय म्हणून पोरगी हिंडते.

सासरच्या पाळकांनी लग्न लावलं, रजिस्टर त्यांचं. पण त्यांनी आमच्या पास्टरांना शेजारी उभं केलं, संदेश त्यांना द्यायला लावला आणि साक्षीदार म्हणून सही घेतली. माझ्या बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या पाळकांकडं परवाना आहे त्यांना हात जोडून विनंती: शेजारच्या लहान मंडळीला हे आधीच सांगून ठेवा, लग्नाच्या आठवड्यात नव्हे. आणि वेळही सांगा, कायद्यानं सकाळी ६ ते संध्याकाळी ७. आपल्याकडची वरात किती वाजता पोचते ते तुम्हाला ठाऊक आहेच.

तरुण संघाचा सभासद, बुलढाणा जिल्हा

सगळे गोड लिहीत आहेत म्हणून कडू लिहितो. आमच्या गावात ‘ऐक्य सभा’ झाली, तीन दिवस, मोठा मंडप, बाहेरून वक्ते. वर्गणी सगळ्यांनी दिली. शेवटच्या रात्री ‘ज्यांना खरं तारण हवं त्यांनी नावं द्या’ म्हणून कागद फिरला, आणि पुढच्या महिन्यात त्या नावांच्या घरी नवी प्रार्थना सुरू झाली. आमच्या मंडळीतली सहा कुटुंबं गेली. पौलानं करिंथकरांना लिहिलं, ‘मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा’ असं म्हणू नका. आमच्याकडं तेच झालं, ऐक्याच्या बॅनरखाली. आता कोणी एकत्र यायचं म्हटलं की आमची वडीलमंडळी दारच लावून घेतात. त्यांना मी काय सांगू?

निवृत्त पाळक, यवतमाळ जिल्हा

बाळ, तुझ्या वडीलमंडळींचा राग खरा आहे, तो कुणी झटकून टाकू नये. मंडपापासून सुरुवात करू नका एवढंच सांगतो. दुखवट्याच्या घरी एकत्र जा, आजाऱ्याला एकत्र भेटा. तिथं नावांचा कागद फिरत नाही.

शिक्षिका, राजुरा तालुका, चंद्रपूर जिल्हा

मी सीएनआयची (उत्तर भारताच्या मंडळीची), शाळा कॅथलिक. आमच्याकडं मल्याळी फादर, तेलुगू कुटुंबं आणि मराठी आम्ही. कॅरल एकत्र, रक्तदान एकत्र, बायबल वाचन एकत्र. पण मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या उपासनेत, पवित्र भोजनाची वेळ आली की मी बाकावरच बसून राहते. ते त्यांच्या शिकवणीनं मला देऊ शकत नाहीत. फादरांनी हे मला स्वतः समजावून सांगितलं, सांगताना त्यांनाही जड जात होतं. ज्या मुलांना मी रोज शिकवते ती माझ्या शेजारून पुढं जातात अन् परत येतात. हे दुखणं मी लपवत नाही आणि त्यावरून भांडतही नाही. मी ती वेळ योहान १७ वाचायला वापरते, ‘त्या सर्वांनी एक व्हावे’. ही प्रभू येशूची प्रार्थना अजून पुरी व्हायची आहे, हे मला त्या बाकावर जितकं कळतं तितकं कुठंच कळत नाही.

एक प्रश्न, दारव्ह्याहून

सरळ विलीन का होत नाहीत सगळे? एक मंडळी, एक पाळक, खर्चही कमी.

धागाकर्त्याकडून

मोठा प्रयत्न आपल्याच विदर्भात झालेला आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, झाली. त्यात अँग्लिकन होते, बॅप्टिस्ट होते, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथॉडिस्ट आणि युनायटेड चर्च. नागपूरचे स्कॉटिश आणि चांद्याचे एपिस्कोपल तेव्हा एका घरात आले. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट मात्र वाटाघाटींत शेवटपर्यंत असूनही ऐन वेळी बाहेर राहिले. अलायन्स, फ्री मेथॉडिस्ट, नाझरीन हे त्या सहांत नव्हते, म्हणून वऱ्हाडातलं आपलं चित्र फारसं बदललं नाही.

त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा, दोन्ही सीएनआयनं मान्य केले. ज्यावरून गावोगाव मंडळ्या फुटतात, त्यावर दोन्ही बाजू ठेवून एकत्र राहता येतं हे त्यांनी करून दाखवलं. विलीन होणं हे वरच्या कार्यालयांच्या हाती आहे, पण दफनभूमी, लग्नाचं रजिस्टर, ढोलक हे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी आपल्याला कुणाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही.

खजिनदार, दर्यापूर तालुका

पैशाचं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. आमच्या दोन मंडळ्यांचा एक मदतनिधी आहे, फक्त आजारपणासाठी. सेवाग्राम किंवा नागपूरला पेशंट न्यायचा म्हणजे गाडीभाडं आणि सोबतच्या माणसाचं जेवण यातच घर बसतं. हंगामाच्या सणाला जे धान्य आणि कापूस दानात येतो त्याचा लिलाव दोन्हीकडं होतो, त्यातला ठरावीक हिस्सा इथं जमा होतो.

खातं दोघांच्या सहीचं, एक सही त्यांची, एक आमची. मदत मागणाऱ्याची मंडळी विचारायची नाही. गावातलं ख्रिस्ती नसलेलं घर असलं तरी गेल्या सालापासून देतो. पाळकांना सहीचा अधिकार मुद्दाम ठेवला नाही, कारण त्यांच्या बदल्या होतात. हिशेब जानेवारीच्या प्रार्थना-सप्ताहात सगळ्यांपुढं वाचतो, एक वर्ष आमच्या चर्चमध्ये, एक वर्ष त्यांच्या. यंदा पाळी त्यांची आहे. शेजारच्या तालुक्यातल्या कुणाला असं काही सुरू करायचं असेल तर त्या आठवड्यात या, वही आणि ठरावाची नक्कल दोन्ही देतो.