पिवळ्या तापाची लस विसरू नका
वर्षभराच्या जगप्रवासाआधी काय काय वाचावं यावर या चर्चेत बरंच आलंय, पण लशीचं कुणीच काढलं नाही म्हणून लिहितो. वाटेत केनिया, ब्राझील असे देश असतील तर पिवळ्या तापाची लस किमान 10 दिवस आधी टोचून घ्या, लस घेतल्याचा दाखला त्यानंतरच लागू होतो. नाहीतर परतताना आपल्याच विमानतळावर अडकाल, 6 दिवसांपर्यंत विलगीकरण! 2016 पासून हा दाखला जन्मभर चालतो. माझ्या दाखल्यावर पासपोर्ट नंबरातला एक आकडा चुकला होता, चेक-इनला घाम फुटला. लस घेताच दाखला तिथल्या तिथे ताडून घ्या. शेंगेनचे (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातले) दिवस मात्र वहीत घरं आखून मोजा: कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, पोचल्याचा आणि निघाल्याचा दिवसही धरून. आणि हो, पासपोर्ट 60 पानीच काढा.