गॅम्बिटला मेलेलाच राहू द्या

सुहास_ठाणेकर

1992च्या 'एक्स-मेन' कार्टूनची पुढची मालिका म्हणजे 'एक्स-मेन '97'. पत्ते फेकून लढणारा तिचा नायक गॅम्बिट पाचव्या भागात मरतो, तेव्हा ज्यांनी तो भाग पाहिला नसेल त्यांनी इथूनच मागे फिरा.

काल लोगनभक्त यांनी लिहिलं की दुसऱ्या सीझनमध्ये गॅम्बिट परत येणार हे पक्कं, खलनायक अपॉकॅलिप्स त्याला उठवून 'डेथ' नावाचा आपला घोडेस्वार करणार, आणि आता तरी त्याच्या आवाजाचं काम जुन्याच ख्रिस पॉटरला द्यावं, म्हणजे 1992ची मालिका "खऱ्या अर्थाने पुढे चालू होईल". खाली सगळे माना डोलावतायत. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितो.

पुरावा काय, तर दहाव्या भागाच्या अगदी शेवटी अपॉकॅलिप्स उद्ध्वस्त जेनोशा बेटाच्या ढिगाऱ्यात उभा आहे आणि हातात गॅम्बिटचा पत्ता. बस. कॉमिक्समध्ये 2006 साली गॅम्बिट 'डेथ' झाला होता हे मलाही ठाऊक आहे. म्हणून इथेही तेच करायचं का?

पाचव्या भागाचा शेवट परत लावा. रोग (Rogue) ही त्यातली नायिका, तिच्या उघड्या त्वचेला कुणी शिवलं की त्याची शक्ती, त्याचा जीव तिच्यात ओढला जातो. पाच सीझन गॅम्बिट तिच्यावर जीव टाकतो आणि तिला धड हात लावू शकत नाही. सेंटिनल या राक्षसी यंत्रमानवाला घेऊन तो मरतो, ती त्याला कवटाळते आणि म्हणते, तू मला जाणवत नाहीस. तो गेला हे तिच्या त्वचेला कळतं. त्याच्या स्पर्शातून पहिल्यांदाच काही येत नाही. त्याला 'डेथ'च्या काळ्या चिलखतात परत आणलंत की त्या वाक्यातला प्राणच गेला.

माझा मोठा भाऊ आणि मी ही मालिका शाळेतून आल्यावर केबलवर बघायचो. इंग्रजी निम्मं कळायचं नाही. तो गॅम्बिट व्हायचा आणि आईच्या रमीच्या कॅटमधले पत्ते माझ्यावर फेकायचा. त्यातला चौकट गुलाम कपाटामागे गेला तो गेलाच. 2021च्या दुसऱ्या लाटेत भाऊ गेला. शेवटी काचेतून बघितलं, हात लावू दिला नाही. 2024च्या एप्रिलमध्ये मी तो भाग एकट्याने पाहिला. म्हणून सांगतो, त्याला मेलेलाच राहू द्या.

लोगनभक्त

सुहासराव, भावाचं वाचून पोटात कालवलं. पण म्हणून तुमचा मुद्दा बरोबर ठरत नाही.

ही मालिका सुरूच झाली मॉर्फला, म्हणजे एक्स-मेनपैकीच एकाला, मारून. 1992 साली, पहिल्याच गोष्टीत. आणि दुसऱ्या सीझनला खलनायक सिनिस्टरने त्याला परत आणलं, ते ही वाकडं डोकं करून, मित्रांवर सोडायला. म्हणजे मी गॅम्बिटचं जे म्हणतोय तेच. जीन, तीही नायिकाच, फिनिक्स नावाची शक्ती अंगात येऊन गेली, परत आली. एक्स-मेनचा गुरू प्रोफेसर झेवियर, त्याला 1997च्या शेवटच्या भागात परग्रहावरची राणी लिलांद्रा जिवंत घेऊन गेली, आणि नवीन मालिका उघडते तेव्हा सगळे त्याचं सुतक पाळतायत, मृत्युपत्र वाचतायत. तेव्हा तुम्ही कुठे होतात?

माझ्या बाजूने पण ऐका. माझे वडील गेले तेव्हा मी अकरावीत होतो. तेव्हापासून मला या मालिका आवडतात त्या याच कारणासाठी, की इथे माणसं परत येतात. खऱ्या आयुष्यात येत नाहीत, तर निदान इथे येऊ देत की.

राहिला पॉटर. तो जुन्या मालिकेतला गॅम्बिट. नवीन मालिकेत तो आहेच, पण त्याला केबल नावाचं पात्र दिलंय! माणूस स्टुडिओत येतोय, माइकसमोर उभा राहतोय, आणि त्याचंच पात्र ए. जे. लोकॅसिओ करतोय. याला काय म्हणायचं?

अश्विनी_दे

याला म्हणायचं, माणसांचे आवाज म्हातारे होतात. नॉर्म स्पेन्सर (सायक्लॉप्स) आणि डेव्हिड हेम्ब्लेन (मॅग्नेटो) दोघेही 2020 साली गेले, तिथे नवीन माणूस घ्यावाच लागला. कॅल डॉड (वुल्व्हरिन), लेनोर झॅन (रोग), जॉर्ज बुझा (बीस्ट), अ‍ॅलिसन सीली-स्मिथ (स्टॉर्म) यांचे आवाज टिकले, ते ठेवले. जुनी जीन कॅथरीन डिशर, ती आता व्हॅलरी कूपर हे दुसरं पात्र करते. ठरवून केलेलं काम आहे ते, अन्याय नव्हे.

आणि तुम्ही दोघं गॅम्बिटवर भांडताय, पण मोठं भोक दुसरीकडे आहे. मॅडेलिन! जीनच्या जागी मॅडेलिन हा तिचा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, आहे हे तिसऱ्या भागात उघड होतं. कधीपासून होता क्लोन? सायक्लॉप्सशी लग्नात कोण होती? मुलगा नेथन तिचा, म्हणजे तोच मोठा होऊन झालेला केबल तिचा, आणि जुन्या पाच सीझनमध्ये याचा मागमूस नाही. यावर कुणी अवाक्षर काढत नाही.

लोगनभक्त

मॅडेलिनचं मान्य, तिथे त्यांनी हात झटकलेत. पण मग एक्स-मेनमधल्या ज्युबिलीचं काय? जुन्या मालिकेत तिचा आवाज करणाऱ्या अ‍ॅलिसन कोर्टचा आवाज टिकला नव्हता का? तरी बदलला, कारण ज्युबिली चिनी वंशाची आणि कोर्ट गोरी. आवाजाला कातडी असते का हो?

अश्विनी_दे

कोर्टला कुणी काढलं नाही, ती स्वतःहून बाजूला झाली. आशियाई वंशाच्या मुलीला ही भूमिका मिळावी असं तिचं म्हणणं होतं, मग हॉली चौ आली. आणि चौथ्या भागात व्हिडिओ गेममधली थोराड ज्युबिली, अ‍ॅबसिसा, ती कोर्टनेच केली. दोघी एकाच दृश्यात बोलतात. इतकी छान सोय या मालिकेने दुसऱ्या कुणाची केली नाही. अर्धवट माहितीवर तावातावाने लिहू नका.

लोगनभक्त

अर्धवट माहिती? बाई, फोर्टच्या फुटपाथवरून पाच-पाच रुपयांना जुने अंक घेऊन मी हे वाचलंय. माझा प्रश्न साधा आहे. अभिनय म्हणजे आपण जे नाही ते होणं. चिनी मुलीचा आवाज चिनी मुलीनेच करायचा, तर उद्या वुल्व्हरिनला पंजे असलेला माणूस शोधणार का?

वऱ्हाडी_मॉर्फ

मी सहसा वाचतो फक्त, पण आज राहवत नाही.

मी अमरावतीचा. अंधेरीत डबिंग करतो, 9 वर्षं झाली. आवाजाला कातडी नसते हे अर्धंच खरं. आवाजाला गाव असतं. रोग मिसिसिपीची, तिचा हेल तिकडचा. गॅम्बिट लुइझियानाचा केजन, म्हणजे तिथल्या फ्रेंच वंशाच्या लोकांपैकी. त्यांच्या इंग्रजीत ते गाव ऐकू येतं, आणि तरी ती दोघं नायक आहेत. त्यांच्या बोलीवर कुणी हसत नाही.

आता आमच्याकडचं सांगतो. एका परदेशी कार्टूनची ऑडिशन होती. नायक शेतावर वाढलेला, मूळ आवाजात खेड्यातला हेल स्वच्छ. मी टेक वऱ्हाडीत दिला. लिपसिंक तंतोतंत बसला, माझं मलाच बरं वाटलं. काचेपलीकडून टॉकबॅकवर आलं, "मस्त आहे, हे आपण वॉचमनला ठेवू." नायक दुसऱ्याने प्रमाण मराठीत केला. वॉचमन मी. तीन वाक्यं.

2023 साली स्पायडर-मॅनचा अ‍ॅनिमेशनपट इथे दहा भाषांत जाहीर झाला, मराठीही होती. त्यातला भारतीय स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर राहतो मुंबई आणि मॅनहॅटन मिळून झालेल्या शहरात, आणि हिंदी-पंजाबीत त्याचा आवाज शुभमन गिलचा. क्रिकेटर म्हणून मला तो आवडतो. पण हेच काम करून घर चालवणाऱ्या पोरांना काय वाटलं असेल? तेव्हा ज्युबिली कुणी करावी याचं उत्तर मला पटकन देता येत नाही. ज्याला कधीच बोलावत नाहीत त्याला एकदा बोलावलं, तर मला त्यात चूक दिसत नाही.

कुडाळकर

दादा, तुमचं दुःख खरं, उपाय चुकीचा. गॅम्बिटला वऱ्हाडी किंवा मालवणी बोलायला लावलंत तर ते खोटं होईल. केजन बोलीला तिचा इतिहास आहे. आमच्या मालवणीचं 'वस्त्रहरण'नंतर काय झालं ते बघा. नाटक अफाट, मी सात वेळा पाहिलंय. पण तेव्हापासून मालवणी तोंडातून आली की समोरचा हसायला तयारच बसतो. माझ्या आजीने मालवणीत रडलेलं मी ऐकलंय. ते हसण्यासारखं नव्हतं.

वऱ्हाडी_मॉर्फ

मग मी वेगळं काय म्हणतोय? गंभीर माणसाला बोली दिलीच नाही, तर लोक हसायचं थांबणार कधी? सगळे नायक सदाशिव पेठेतून येतात का?

लोगनभक्त

यात सदाशिव पेठ कशाला? मी तिथलाच आहे आणि माझा काही संबंध नाही. धागा गॅम्बिटचा होता.

मिसिसागाकर

कुडाळकर, केजनचा इतिहास काढलात म्हणून सांगतो. केजन म्हणजे अकेडियन. 1755 पासून इंग्रजांनी आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया आणि आसपासच्या फ्रेंच शेतकऱ्यांना घरंदारं जाळून हाकललं, त्यातले बरेच फिरत फिरत लुइझियानात पोचले. आणि रोगचा आवाज करणारी लेनोर झॅन त्याच नोव्हा स्कोशियात दहा वर्षं प्रांतिक आमदार आणि पुढे 2021 पर्यंत कॅनडाची खासदार होती. जुनी मालिका रेकॉर्ड झाली ती माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, टोरोंटोत. मिसिसिपीची रोग इथल्या बाईने केली आणि कुणाला खोटी वाटली नाही. तेव्हा परक्या गावाचा हेल मनापासून केला तर तो लागतो, एवढं नक्की.

कुडाळकर

हे मला माहीत नव्हतं. बरं. पण मालवणी करणारा मालवणीच हवा, यावरून मी हटणार नाही.

अश्विनी_दे

म्हणजे ज्युबिलीबद्दल तुम्ही माझ्याच बाजूला आलात. लोगनभक्त, वाचताय ना?

लोगनभक्त

वाचतोय. कोर्ट स्वतःहून बाजूला झाली हे मला ठाऊक नव्हतं, तेवढं मागे घेतो. पॉटरचं घेत नाही. आणि गॅम्बिट परत येणार म्हणजे येणार.

सुहास_ठाणेकर

मॉर्फचा दाखला मला खोडता येत नाही, दुपारपासून प्रयत्न करतोय. आणायचाच असेल तर एवढंच मागणं, रोगला आधी कळू नये. तिने त्याला धरावं आणि तेव्हाही काही जाणवू नये. मग तो परत आलेला नसेल, त्याचं शरीर आलेलं असेल. तेवढं केलं तर मी बघेन.

वऱ्हाडी_मॉर्फ, तुम्हाला एक विचारायचं होतं. सेंटिनल उडवण्याआधी गॅम्बिट त्याला आपलं नाव सांगतो आणि लक्षात ठेव म्हणतो, ते तुम्ही कसं केलं असतं?

वऱ्हाडी_मॉर्फ

आत्ताच गच्चीवर जाऊन बोलून बघितलं. "नाव गॅम्बिट हाय, भाऊ. ध्यानात ठेवजो."

सुहास_ठाणेकर

"भाऊ"नंतर जरा थांबून म्हणा. आणि रेकॉर्ड करून मला पाठवा.