संकटकाळात दुआ मागायची नेमकी पद्धत: सलातुल हाजत, मराठीतली दुआ आणि रुग्णालयातल्या अडचणी

मिरजेचा_वाचक

अस्सलामु अलैकुम. घरातलं माणूस अतिदक्षता विभागात, उपचारांसाठी काढलेलं कर्ज डोक्यावर आणि मोबाइलवर दर तासाला कुणाचा तरी निरोप, ‘अमुक वजीफा (मोजून म्हणायचा जप) तमुक वेळा पढा, काम झालंच समजा’. अशा कुटुंबाने नक्की काय करावं? माझे प्रश्न असे:

सलातुल हाजत, म्हणजे गरज मागण्यासाठीची नमाज, कशी आणि कोणत्या वेळी पढायची? अरबी येत नसेल तर मराठीत मागितलेली दुआ चालते का, आणि सजद्यात (नमाजेत कपाळ टेकलेलं असताना) चालते का? पाळी सुरू असलेल्या बाईने काय करावं? पुस्तकाचा आधार असलेलं सांगावं, ऐकीव नको.

तालिब_हनफी

वअलैकुम अस्सलाम. आधी मुळातली गोष्ट. कुरआनच्या सूरह (अध्याय) बकराच्या १५३व्या आयतीत सब्र (धीर) आणि नमाज यांच्याद्वारे मदत मागा असा हुकूम आहे. अबू दाऊदमध्ये (हा आणि पुढे येणारे तिरमिजी, बुखारी, मुस्लिम, मुसनद अहमद हे हदीसचे, म्हणजे पैगंबरांच्या वचन-कृतींच्या नोंदींचे, संग्रह) हजरत हुजैफांची रिवायत (कथन) आहे की, एखादी गोष्ट जड झाली की पैगंबर (स.) नमाजेकडे वळत. म्हणून अडचणीत दोन रकात (नमाजेची आवर्तनं) नफील (ऐच्छिक नमाज) पढून मागणं याला भक्कम आधार आहे, मग त्या नमाजेला नाव कोणतंही द्या.

‘सलातुल हाजत’ या नावाने जी दुआ छापलेली मिळते (‘ला इलाहा इल्लल्लाहुल हलीमुल करीम...’), ती तिरमिजीत हजरत अब्दुल्लाह बिन अबी औफांकडून आली आहे. खुद्द इमाम तिरमिजींनी तिच्या सनदेत (सांगणाऱ्यांच्या साखळीत) कमजोरी असल्याचं तिथेच नोंदवलं आहे. हनफी परंपरेचे आलिम (विद्वान) नफील अमल म्हणून ती पढायला हरकत घेत नाहीत. पण तीच दुआ पाठ नाही म्हणून कुणी अडून बसू नये.

पद्धत साधी आहे. नीट वुजू (नमाजेआधीचं हातपाय-तोंड धुणं) करा. हाजतच्या नियतेने दोन रकात पढा. प्रत्येक रकातीत फातिहा (कुरआनची पहिली सूरह) आणि जी येते ती सूरह, खास सूरह ठरलेली नाही. सलाम फेरल्यावर जागेवरच बसून हात खांद्यांपर्यंत उचला. मग आधी अल्लाहची हम्द (स्तुती), नंतर दुरूद (पैगंबरांसाठीची दुआ), नंतर आपल्या गुनाहांची माफी, मग मागणं. शेवटी पुन्हा दुरूद आणि आमीन. हा क्रम पाळायचं कारण हजरत फजाला बिन उबैद यांच्या हदीसमध्ये आहे. एकाने हम्द आणि दुरूद सोडून थेट मागायला सुरुवात केली, तेव्हा पैगंबर (स.) म्हणाले, ‘याने घाई केली.’ सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. लोक हात उचलतात आणि पहिलंच वाक्य ‘या अल्लाह, पैशांचं बघ’ असतं.

मागताना ‘तुझी मर्जी असेल तर दे’ असं म्हणू नका. याला बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत मनाई आली आहे, ठामपणे मागायचा हुकूम आहे. मुद्द्याचं मागणं तीनदा म्हणा, ही सुन्नत मुस्लिममध्ये आहे. आणि आवाज हळू ठेवा. सूरह आराफच्या ५५व्या आयतीत ‘गिडगिडून आणि गुपचूप’ मागायला सांगितलं आहे. हजरत जकरियांनी आपल्या रबला दबक्या आवाजातच साद घातली होती (सूरह मरयम, आयत ३).

वेळेबद्दल. दुआला कोणतीच वेळ मना नाही, मनाई नफील नमाजेला आहे. सूर्य उगवल्यापासून साधारण १५–२० मिनिटं, ऐन जवालच्या वेळी (सूर्य माथ्यावर असताना) आणि सूर्य मावळताना नमाज नको. शिवाय हनफी मताप्रमाणे सुबह सादिक (पहाट फुटणं) झाल्यावर फजरच्या (पहाटेच्या नमाजेच्या) दोन सुन्नतींशिवाय दुसरी नफील नाही, आणि असरची (दुपारनंतरची) फर्ज (सक्तीची) नमाज पढल्यावर मगरिबपर्यंतही (सूर्यास्ताच्या नमाजेपर्यंत) नाही. या वेळात नुसते हात उचलून मागा.

उत्तम वेळ रात्रीचा शेवटचा तिसरा हिस्सा. हिशेब मध्यरात्रीपासून धरत नाहीत, मगरिबपासून सुबह सादिकपर्यंत धरतात. मगरिब ६.३० ला आणि सुबह सादिक ५.३० ला असेल तर रात्र ११ तासांची, एक हिस्सा ३ तास ४० मिनिटांचा, म्हणजे शेवटचा हिस्सा १.५० ला सुरू होतो. तेवढं जागणं जमत नसेल तर अजान (नमाजेची हाक) आणि इकामत (नमाज उभी राहतानाची दुसरी हाक) यांच्या मधली दुआ फेटाळली जात नाही, असं अबू दाऊद आणि तिरमिजीत आहे. ही संधी दिवसातून पाच वेळा येते आणि बहुतेक जण ती मशिदीत मोबाइल बघत घालवतात, याचं वाईट वाटतं.

भाषेबद्दल. नमाजेच्या बाहेर मराठीत मागा, बिनधास्त मागा. अर्थ न कळता पाठ म्हणण्यापेक्षा आपल्या भाषेत रडून मागणं बरं. नमाजेच्या आत मात्र, सजद्यातसुद्धा, हनफी मताप्रमाणे अरबीशिवाय दुसऱ्या भाषेत दुआ करणं मकरूहे तहरीमी (जवळपास हरामइतकं नापसंत) आहे. आणि ‘पन्नास हजार मिळवून दे’ असं माणसांकडे मागता येण्यासारखं काही जिभेने मागितलं तर नमाजच तुटते. म्हणून नफीलच्या सजद्यात कुरआन-हदीसमधल्या अरबी दुआ म्हणा, आणि घरातलं गाऱ्हाणं सलामनंतर.

कोकणी_शाफई

वरचं हनफी मसलक (धर्मनियमांची परंपरा) धरून आहे. रत्नागिरी, रायगडकडचे आम्ही बहुतेक शाफई मसलकचे, म्हणून एवढीच भर घालतो. स्वतःच्या शब्दांत रचलेली बिगरअरबी दुआ नमाजेत म्हटली तर आमच्याकडेही नमाज बातिल (रद्द) होते, त्यामुळे मराठी दुआ सलामनंतरच. फजरच्या दुसऱ्या रकातीत रुकूनंतर (कमरेतून वाकून उठल्यावर) कुनूत (उभ्याने म्हणायची दुआ) आम्ही रोजच पढतो, राहून गेली तर सजदए सहव (चुकीच्या भरपाईचे सजदे) करतो. दुष्काळ, साथ, युद्ध अशी सगळ्यांवरची आपत्ती आली तर कुनूते नाजिला आमच्याकडे पाचही नमाजांत पढतात. हनफी भाई ती फजरमध्ये पढतात. एका घरापुरत्या अडचणीसाठी मशिदीत कुनूते नाजिला पढायचा आग्रह इमामांकडे धरू नये, तिथे नमाजेनंतर दुआची विनंती करावी.

उम्मे_सालेह

रुग्णालयापुरतं लिहिते, कारण तिथे गोंधळ फार होतो.

दुआला वुजू लागत नाही, किब्ल्याकडे (काबाच्या दिशेला) तोंड लागत नाही, बसायला स्वच्छ जागाही लागत नाही. जिन्यावर, लिफ्टमध्ये, औषधांच्या रांगेत उभं राहून मागता येतं. पाळी किंवा निफास (बाळंतपणानंतरचा रक्तस्राव) सुरू असलेल्या बाईने नमाज पढायची नाही. दुआ, जिक्र (अल्लाहचं स्मरण), दुरूद, इस्तिगफार (माफी मागणं) सगळं करायचं. कुरआनातल्या दुआसुद्धा तिलावतच्या (कुरआनपठणाच्या) नाही तर दुआच्या नियतेने म्हणता येतात. अनेक घरांत अशा बाईला ‘तू आत्ता बाजूला हो’ म्हणतात, आणि नेमकी तीच आई किंवा लेक असते. तिला दुआपासून कुणी थांबवू नये.

आजाऱ्यासाठी तीन गोष्टी पाठ असू द्याव्यात.

रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याने स्वतः दुखऱ्या जागी हात ठेवून ३ वेळा ‘बिस्मिल्लाह’ आणि ७ वेळा ‘अऊजु बिल्लाहि व कुदरतिही मिन शर्रि मा अजिदु व उहाजिर’ म्हणावं (मुस्लिम). भेटायला आलेल्याने उशाशी ७ वेळा ‘अस्अलुल्लाहल अजीम रब्बल अर्शिल अजीम अय्यश्फियक’ म्हणावं (अबू दाऊद, तिरमिजी). तिसरी बुखारीतली: ‘अल्लाहुम्म रब्बन्नास, अज्हिबिल बास, इश्फि अन्तश्शाफी, ला शिफाअ इल्ला शिफाउक, शिफाअन ला युगादिरु सकमा.’ उच्चार देवनागरीवरून अंदाजाने बसतात, म्हणून एकदा जाणकाराकडून तपासून घ्या.

आत सोडत नसतील तर बाहेरून मागा. पाठीमागे केलेल्या दुआवर फरिश्ता ‘आमीन, आणि तुलाही तेच’ म्हणतो, असं मुस्लिममध्ये आहे.

आणि कळकळीची विनंती: डॉक्टरांनी तोंडाने काहीही द्यायचं नाही असं सांगितलेलं असताना दम केलेलं (पढून फुंकलेलं) पाणी किंवा जमजम (मक्केतल्या विहिरीचं पाणी) चमच्याने पाजू नका. ते पाणी श्वासनलिकेत उतरू शकतं. पढून आपल्या हातांवर फुंका आणि परवानगी असेल तर रुग्णाच्या अंगावरून हात फिरवा, काम तेवढंच होतं. इलाज करा हा हुकूम हदीसमध्येच आहे, दुआ त्याला पर्याय म्हणून आलेली नाही.

रुग्णाच्या स्वतःच्या नमाजेचं विचाराल तर बसून, तेही जमत नसेल तर आडवं राहून इशाऱ्याने. सलाइनच्या सुईवर पट्टी असेल आणि पाण्याने अपाय होणार असेल तर पट्टीवर ओला हात फिरवून बाकीचे अवयव धुवायचे.

मिरजेचा_वाचक

जजाकल्लाह, फार उपयोगी. आणखी दोन गोष्टी. नातेवाईक आयते करीमाचा सव्वा लाखाचा खतम (एकत्र जमून तेवढ्या वेळा पढणं) ठेवायचं म्हणताहेत, कुणी नवस बोलायचं म्हणतंय. आणि कर्जासाठी काही खास दुआ? महिनोनमहिने मागून काहीच होत नाही असं वाटतं, तेव्हा काय समजायचं?

तालिब_हनफी

आयते करीमा म्हणजे हजरत यूनुसांची माशाच्या पोटातली हाक: ‘ला इलाहा इल्ला अन्त सुब्हानक इन्नी कुन्तु मिनज्जालिमीन’ (सूरह अंबिया, ८७). या शब्दांनी मागणाऱ्या मुसलमानाची दुआ कबूल होते, अशी हदीस हजरत सअद बिन अबी वक्कासांकडून तिरमिजीत आहे. तिच्यात आकडा नाही. सव्वा लाख हा बुजुर्गांचा अनुभव म्हणून चालत आला आहे. पढणाऱ्याने तो सुन्नत समजू नये, आणि आकडा भरला नाही म्हणून दुआ वाया गेली असंही समजू नये. बिघडतं ते पुढे. पढायला माणसं बोलावली जातात, खजुराच्या बिया नाहीतर चणे वाटले जातात, गप्पा मारत मोजणी पुरी होते, जेवणावळ उठते, आणि ज्याच्यावर वेळ आली आहे तो घरमालक स्वयंपाकाच्या धावपळीत स्वतः एकदाही हात उचलत नाही. त्या आयतीत काय आहे बघा: आधी तौहीद (अल्लाह एकच ही साक्ष), मग अल्लाहची पाकी, मग ‘चूक माझीच’ हा कबुलीजबाब. मागणं शब्दांत आलेलंच नाही. हे दुसऱ्याकडून पढवून घेण्यापेक्षा कर्त्या माणसाने रात्री एकट्याने शंभरदा म्हणावं, असं मला ठामपणे वाटतं. जेवणाचा पैसा रुग्णालयाच्या बिलात जाऊ द्या, किंवा शेजारच्या खाटेवरच्या गरिबाच्या औषधाला द्या.

नवसाने काही पुढे-मागे होत नाही, त्याने फक्त कंजुषाच्या खिशातून पैसा निघतो, अशा अर्थाची हदीस बुखारी-मुस्लिममध्ये आहे. म्हणून ‘बरा झाला तर बकरा’ असा सौदा करण्यापेक्षा आजच झेपेल तेवढा सदका (दान) द्या. मात्र कुणी अल्लाहच्या नावाने आधीच बोलून बसलं असेल तर काम झाल्यावर ते पुरं करणं वाजिब (बंधनकारक) आहे. नवस बोलायचा असेलच तर तो फक्त अल्लाहच्या नावाने.

कर्जासाठी दोन दुआ. तिरमिजीत हजरत अलींची: ‘अल्लाहुम्मक्फिनी बिहलालिक अन हरामिक, व अग्निनी बिफज्लिक अम्मन सिवाक.’ बुखारीत हजरत अनसांची: ‘अल्लाहुम्म इन्नी अऊजु बिक मिनल हम्मि वल हजन, वल अज्जि वल कसल, वल जुब्नि वल बुख्ल, व जलइद्दैनि व गलबतिर्रिजाल.’ दुसरीत कर्जाच्या ओझ्याबरोबर हतबलता आणि आळस यांपासूनही पनाह मागितली आहे. म्हणजे मागून झाल्यावर ज्यांचं देणं आहे त्यांची यादी लिहायची, ज्याला मुदतवाढ मागायची त्याला तारीख उलटायच्या आधी भेटायचं.

व्याजाने पैसे घेतले असतील तर ‘आता आपली दुआ कसली कबूल होणार’ म्हणून बसू नका. हराम खाण्यापिण्यामुळे दुआ अडते ही हदीस मुस्लिममध्ये आहे, पण तिचा उपयोग तौबा करायला आहे. तौबा करा, नवं व्याजी कर्ज थांबवा, तेच आधी फेडायची नियत बांधा आणि मागत राहा.

उम्मे_सालेह

‘काहीच होत नाही’ याबद्दल. बुखारी-मुस्लिममध्ये शब्द असे आहेत की बंदा घाई करत नाही तोवर त्याची दुआ कबूल होत राहते. आणि घाई म्हणजे काय? ‘मी मागितलं, पण मिळालं नाही’ असं म्हणून मागणं सोडून देणं. मुसनद अहमदमध्ये हजरत अबू सईद खुदरींकडून तीन वाटा सांगितल्या आहेत: मागितलेलं इथेच मिळतं, आखिरतसाठी (मरणानंतरच्या आयुष्यासाठी) साठवलं जातं, किंवा तेवढीच एखादी बला टळते. अट एकच, मागण्यात गुनाह किंवा नातं तोडणं नसावं. म्हणून दिवस मोजू नका.

रडण्याला कुणी बेसब्री म्हणू नये. हजरत याकूब पुत्रवियोगाने रडून रडून दृष्टी गमावून बसले, तरी ‘मी माझं दुःख अल्लाहपाशीच मांडतो’ असंच म्हणत होते (सूरह यूसुफ, ८६). जिभेला मात्र लगाम हवा. त्रासात स्वतःला, मुलाबाळांना, मालाला शाप देऊ नका, ती घडी कबुलीची असू शकते, अशी मनाई मुस्लिममध्ये आहे. रुग्णाचे हाल बघून ‘अल्लाह, याला उचल’ असं तोंडावर येतं. त्याऐवजी म्हणावं: जोवर जगणं याच्यासाठी भलं आहे तोवर जगव, आणि मरण भलं असेल तेव्हा मरण दे. ही दुआ पैगंबरांनी (स.) संकटात मरण मागू बघणाऱ्याला स्वतःसाठी शिकवली आहे, ती मराठीतही म्हणता येते.

कोकणी_शाफई

मिरजेचे भाई, रुग्णाचं नाव इथे लिहू नका, फक्त नातं सांगा. आज इशाच्या (रात्रीच्या नमाजेच्या) अजान आणि इकामतमध्ये आम्ही मागतो.

मिरजेचा_वाचक

मामू आहेत. यादी आजच लिहायला घेतो.