गणित कच्चं आहे, नेटवर्किंग जमेल काय?

खानापूरकर: दहावीला गणितात 38. डिप्लोमा संपत आलाय, बेळगावात नेटवर्किंगचा क्लास लावायचाय. पण सबनेटिंग, म्हणजे एका नेटवर्कचे लहान तुकडे पाडणं, म्हटलं की घाम फुटतो.

उद्यमबागवाला: माझे 41 होते, लेका. नऊ वर्षं हेच करतोय. दोनाचे घात पाठ कर, 256 पर्यंत. /26 म्हणजे आयपी पत्त्याच्या 32 बिटांपैकी 26 नेटवर्कचे, यंत्रांसाठी 6 उरले, 64 पत्ते. पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना एकदम निरोप धाडायचा), हाती 62. एकदा घाईत /25 च्या जागी /26 टाकला, तुकडा .63 लाच संपला, .70 पत्त्यावरचा प्रिंटर गप्प! मालक डोक्यावर उभा. ते गणित नव्हे, झोप कमी.

निपाणीची ताई: क्रिप्टोग्राफीत, म्हणजे माहिती गुप्त ठेवायच्या शास्त्रात, शिरायचं तर मात्र गणित लागतंय हं.

खानापूरकर: मग /27 ला 30 ना?

उद्यमबागवाला: व्हय की! लाव क्लास.